रिकामा डबा

"आज सायंकाळी माझं दुकान बंद होणार हाय," खुर्चीत टेकायच्या आत पंकजा रोडगे म्हणाली. "चोरी मी केली न्हाई. पण मीच केली असं सगळं सेलू म्हणायलंय."

रविकांतमामांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. एस.टी.च्या स्टेअरिंगमागं उभी हयात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर भाचीची जीप चालवायला आला आणि बघता बघता तिच्या तपासातही नाक खुपसू लागला. भाची म्हणजे ज्ञानेश्वरी डख. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता हेच काम स्वतःच्या पाटीखाली का करू नये असं तिला वाटलं, आणि तेव्हापासून परभणीत वसमत रोडला तिची पाटी होती. त्या पाटीखालची निम्मी अक्कल आपली आहे, असं मामांचं ठाम मत. भाची त्यांना तसं खुशाल मानू देत असे.

"काय चोरीला गेलं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"बिटकॉइन."

मामा सावरून बसले. हा शब्द त्यांनी चहाच्या टपरीवर ऐकला होता, पण वस्तू कधी पाहिली नव्हती. ती कुणीच पाहिलेली नसते, नुसता आकडा असतो, हे कळल्यावर त्यांचा चोरीवरचाच विश्वास उडाला. डोळ्यांना न दिसणारी वस्तू चोरानं नेली कशी, असं त्यांनी विचारलंसुद्धा. पंकजा मात्र वैतागली नाही. असल्या प्रश्नांना रोज उत्तरं देऊनच तिनं दुकान उभं केलं होतं.

तिनं बँकेच्या लॉकरपासून सुरुवात केली. परदेशातलं काम घरबसल्या करणाऱ्या पोरापोरींना कधी कधी मेहनताना बिटकॉइनमध्ये मिळतो. तो नुसता फोनमध्ये ठेवला तर फोनबरोबर जातो. लांबच्या कंपनीकडं ठेवला तर एक दिवस कंपनीच गायब. म्हणून पुण्याची नोकरी सोडून तिनं सेलूत कुलूप-किल्लीचं दुकान टाकलं. विकणं नाही, घेणं नाही, कुणाचा पैसा हातात धरणं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कुलपाला तीन किल्ल्या, आणि उघडायला त्यातल्या कोणत्याही दोन लागतात. एक गिऱ्हाइकाकडं, एक पंकजाकडं आणि तिसरी गावाचा ज्यांच्यावर भरवसा आहे त्या दिनकररावांकडं. दिनकरराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या सेलूनं त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

"किल्ली म्हणजे ठराविक क्रमानं मांडलेले शब्द," ती म्हणाली. "कागदाला वाळवी लागते. म्हणून मी स्टीलचा डबा देते. पडद्याआड बसून गिऱ्हाइकानं डब्याच्या बुडाला शब्द ठोकायचे, अक्षरांचे ठसे आणि हातोडी माझी. मी बघत न्हाई. झाकणावर नुसतं नाव."

मामांना ही गोष्ट फार पसंत पडली. नाव घातलेली भांडी तर घरोघर असतात, त्यात एक डबा जास्त, कोण बघतंय.

आणि भरवसा बसावा म्हणून तिनं आणखी एक केलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चिन्ह, कुणाला कणीस, कुणाला पोपट. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानापुढं मोठा पडदा लावायचा आणि कोणत्या चिन्हाच्या कुलपात किती आहे ते सगळ्यांना दाखवायचं. बाजाराला आलेली माणसं पिशव्या हातात धरून आपापलं चिन्ह बघत उभी राहायची. हिशेब चव्हाट्यावर असला की मनात पाल चुकचुकत नाही, असं पंकजाचं म्हणणं.

मागच्या बाजाराला दैवशालामावशीच्या मोरापुढं शून्य आलं.

दैवशाला पापड-सांडगे करून विकते. तिची लेक सृष्टी परदेशातल्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते; त्या कमाईवर संभाजीनगरला चित्रकलेचं शिक्षण पुरं करायचं होतं. ते सगळं त्या मोराच्या पोटात. शून्य बघून मावशी भर रस्त्यात मटकन खाली बसली आणि कुणीतरी दुकानावर दगड मारला. पोलिसांत तक्रार झाली, पण सायबरवाले यायला वेळ लागणार. आज पाच वाजता सगळी गिऱ्हाइकं दुकानात जमणार होती, आपापलं काढून न्यायला.

"कोणत्या दोन किल्ल्यांनी उघडलं, ते कळतं का?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"बाहेरून न्हाई कळत."

"कधी उघडलं?"

"त्याच दुपारी. पडदा लावायच्या जरा आधी."

"आणि आता तो पैसा कुठं आहे?"

"कुणीतरी नवं कुलूप केलंय, त्यात. कुणाचं ते माहीत न्हाई. गेला तसा पडून हाय, हललेला न्हाई."

ज्ञानेश्वरीनं मान हलवली. मामांनी घसा साफ करून विचारलं, की एक किल्ली खुद्द पंकजाकडंच आहे, मग तिच्यावर विश्वास का ठेवावा. पंकजाचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"म्हणूनच आले, मामा. माझी किल्ली तिजोरीत लाखेचं सील करून ठेवलेली हाय. पण मीच निघाले तर चारचौघांत माझंच नाव घ्या."

मामा ओशाळले आणि जीपची किल्ली शोधायला लागले.

वाटेत पंकजा दिनकररावसरांबद्दल सांगत होती. सरांचा म्हणे अचानक चाचणीचा नाद. न सांगता पेपर हातात द्यायचे. एकदा तर शाळेची घंटाच लपवून ठेवली, शिपायाच्या कधी ध्यानात येतं ते बघायला. त्या दिवशी शाळा अंधार पडेस्तोवर सुटली नव्हती. मामा खो खो हसले. पुढं कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि मामांचं हसू मावळलं, कारण जिनिंगच्या दिवसांत सेलूच्या रस्त्याला रुईशिवाय आणि ट्रॅक्टरशिवाय काही दिसत नाही.

दैवशालाच्या घरी चहा आला. मामांनी मोठ्या आशेनं घोट घेतला आणि तो गिळावा की थुंकावा या विचारात पडले.

"मला शुगर हाय, भाऊ," दैवशाला म्हणाली. "लेक बाहेरगावी. घरात साखरेचा कण न्हाई, गूळ न्हाई. आणू तरी कुणासाठी?"

मामा नाइलाजानं पीत राहिले. तेवढ्यात त्यांच्या कॉलरवर मुंगी चढली. ती झटकली तर दुसरी. भिंतीवरून मुंग्यांची रांगच निघाली होती, भांड्यांच्या फळीपर्यंत. फळीवर कुणीतरी हळदीची रेघ ओढली होती आणि मुंग्या तिला वळसा घालून खुशाल चालल्या होत्या. माणसाला चहात साखर नाही आणि मुंग्यांची मात्र पंगत, असं मामा पुटपुटले.

"यंदा मुंग्या लय झाल्यात," दैवशाला म्हणाली. "पाथरीहून आले तवापासून बघायलेय. हळद टाकून टाकून दमले."

ज्ञानेश्वरी उठली. रांग जिथं संपत होती तिथं एक स्टीलचा डबा होता, झाकणावर नाव घातलेला. दैवशाला. हाच तो. पंकजानं कपाळावर हात मारला. कुलपाच्या पेटीत ठेवा म्हणून तिनं किती वेळा बजावलं होतं. दैवशालाचं म्हणणं, डबा पेटीत ठेवला तर लोकांना उगाच वाटेल यात काहीतरी आहे.

ज्ञानेश्वरीनं डबा उघडला. आत मुंग्या आणि बोटभर पांढरा दोरा. जिनिंगच्या दिवसांत सेलूत कुठल्या भांड्यात दोरा सापडत नाही, असं म्हणून मामांनी तो विषय संपवला. ज्ञानेश्वरीनं मात्र दोरा बोटांनी चोळून बघितला आणि जपून ठेवला.

"यात तुम्ही काही ठेवता का, मावशी?"

"कधीच न्हाई. घासतसुद्धा न्हाई, लेकीनं ठोकलेले शब्द झिजतील म्हणून. रिकामाच असतो. आन् घराबाहेर तर कधी गेलाच न्हाई."

बाजाराच्या आधीच्या दिवसांत ती बहिणीकडं पाथरीला बारशाला गेली होती. घराची किल्ली चौकटीवर ठेवून. हे अख्ख्या आळीला ठाऊक. तिच्यामागं भाचा बालाजी राखणीला म्हणून एक रात्र झोपून गेला. शेजारच्या राजेश्रीनं वाळत घातलेले पापड आत नेऊन ठेवले. राजेश्री म्हणजे दिनकररावांची सून. आणि तुळशीला पाणी घालायला खुद्द दिनकरराव येत होते.

सर वाचनालयात गेले होते, म्हणून आधी बालाजीकडं. स्टेशनजवळ त्याचं मिठाईचं दुकान. ज्ञानेश्वरीचं नाव ऐकताच त्याच्या हातातला पेढा परातीत पडला. मामांनी भाचीला कोपरानं ढोसलं. मिठाईवाला, चिकट बोटं, डब्यावर मुंग्या. मामांच्या लेखी खटला संपला होता.

बालाजी आधी आढेवेढे घेत राहिला, मग मान खाली घालून बोलायला लागला. परभणीत एक माणूस भेटला होता, बिटकॉइन दुप्पट करून देतो म्हणणारा. आत्याचे त्याच्याकडं ठेवावेत म्हणून यानं घरी चकरा मारल्या होत्या.

"बाजाराच्या दिवशी सकाळीसुद्धा मी आत्याचे पाय धरले," तो म्हणाला. "ती म्हणली, पंकजा कुणाला दुप्पट देत न्हाई, म्हणूनच माझा तिच्यावर भरवसा हाय. मी रागारागानं निघून आलो. आता त्या माणसाचा फोन बंद हाय."

डब्याच्या बुडाला काही लिहिलंय हे त्याला माहीत होतं का? त्याला वाटलेलं, किंमत असेल. बाहेर आल्यावर मामा म्हणाले की इतका भोळा चेहरा अट्टल चोराचाच असतो. ज्ञानेश्वरी म्हणाली, "तसं असेल तर मामा, तुम्हीसुद्धा संशयित." मामा फुरंगटून जीपमध्ये जाऊन बसले.

दिनकररावांचं घर दैवशालाच्या भिंतीला भिंत लावून. सर पलंगावर बसले होते, समोर टेबलावर पुस्तकं, एक मोठं भिंग, काचेची बरणी. माणूस ताठ, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. राजेश्रीनं पाणी आणलं आणि हळूच सांगितलं, की बाजाराच्या दिवसापासून बाबांना अन्न गोड लागत नाही. मामांना गहिवरून आलं. विद्यार्थिनीवर आळ आला तर मास्तरला लागणारच.

ज्ञानेश्वरीनं राजेश्रीला विचारलं. ती मोकळेपणानं बोलली. पापड उचलले, टोपल्यात भरले, स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. किल्लीबिल्लीतलं आपल्याला कळत नाही, ते बाबांचं आणि पंकजाचं. या वयात बाबा पंकजाकडून सगळं शिकले, आपल्याला मात्र अजून फोनवरून विजेचं बिल भरता येत नाही.

मग सरांना.

"सर, तुमची किल्ली कुणी बघितली असेल?"

"नाही," सर म्हणाले. "कपाटात तांब्या आहे, त्याच्या बुडाला. कपाटाची चावी माझ्या खिशात. माझी किल्ली माझ्याखेरीज कुणाच्याही हातात गेलेली नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

मग पंकजाकडं न बघता त्यांनी विचारलं, "आज तू काय सांगणार आहेस लोकांना?"

"काही न्हाई, सर. ज्याचं त्याला देणार आणि पाटी उतरवणार."

 सर चष्मा काढून धोतरानं पुसत बसले.

निघताना राजेश्रीनं पंकजाला एक डबा दिला. पंकजाची आई सरांना अधूनमधून भाजी पाठवायची, तो धुऊन ठेवलेला. पंकजानं हात पुढं केला तोच सर उठले.

"थांब. रिकामा देऊ नकोस."

त्यांनी बरणी उघडली, आतल्या खडीसाखरेच्या लडीचा तुकडा कडकन मोडला, डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"सासूबाई गेल्या, पण त्यांची सवय बाबांना लावून गेल्या," राजेश्री हसत म्हणाली. "माझ्या काय ध्यानात राहत न्हाई बघा. मी रिकामंच भांडं देते, आणि बाबा मागनं उठून येतात."

"सुमन म्हणायची, रिकामं भांडं घराबाहेर गेलं की घरातलं काहीतरी जातं," सर म्हणाले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला आणि पुन्हा विझला.

ज्ञानेश्वरीनं त्यांना वाकून नमस्कार केला. "सर, पाच वाजता याल ना?"

"येतो," सर म्हणाले.

पाच वाजता दुकानात सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. आसाराम नावाचा आडदांड शेतकरी सगळ्यांत पुढं, मांडीवर आपला डबा घेऊन. भावकीतल्या सगळ्यांचं तोच बोलायचा. त्याच्यामागं दैवशाला, बालाजी, राजेश्री. सर दाराजवळच्या खुर्चीवर. पंकजा भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या मागं पडद्यावर मोरापुढचं शून्य.

"आमाला भाषण नगं," आसाराम म्हणाला. "आमचं आमाला द्या."

"मिळेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पण आधी चोर कोण ते ऐकून जा. नाहीतर घरी नेलेलं कुणापासून जपायचं, ते तुम्हाला कळणार नाही."

आसारामनं डबा मांडीवर नीट घेतला. ऐकायला हरकत नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"या चोरीत पहिल्यापासून दोन गोष्टी मला खटकत होत्या. हा पैसा पडद्याच्या जरा आधी हलला. चोराला अक्कल असती तर त्यानं पडदा झाल्यावर हात मारला असता. म्हणजे पुढच्या बाजारापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता, पळायला सवड मिळाली असती. यानं उलट केलं. याला वाटत होतं की हे दिसावं. सगळ्यांसमोर, त्याच दिवशी."

कुजबुज सुरू झाली.

"दुसरी गोष्ट. पैसा तेव्हापासून हललेला नाही. कुणी विकला नाही, फिरवला नाही. चोर चोरीचा माल असा उघड्यावर ठेवून वाट बघत बसत नाही. मग हा कशाची वाट बघतोय?"

"पंकजावर आळ यायची," कुणीतरी म्हणालं.

"तसं असतं तर आता त्याचं काम झालंय. तो पैसा घेऊन मोकळा झाला असता. आता डब्याकडं या. मामा, मावशींच्या घरी चहा कसा होता?"

"बिनसाखरेचा," मामा तत्परतेनं म्हणाले. त्यांचं दुःख अजून ताजं होतं.

"आणि मुंग्या?"

"लय होत्या."

"घरात साखर नाही, गूळ नाही, तरी मुंग्या. मावशी पाथरीहून आल्या तेव्हापासून. आणि त्या कुठल्या डब्यात? जो कायम रिकामा असतो त्याच डब्यात. म्हणजे मावशी नसताना त्यात कुणीतरी गोड टाकलं. कशासाठी?"

मामांना राहवलं नाही. त्यांनी बालाजीकडं बोट केलं. पेढ्याचे हात.

"हाताला लागलेलं डब्याला बाहेरून लागेल, मामा. मुंग्या आत होत्या. शिवाय बालाजी बाजाराच्या सकाळी आत्याचे पाय धरून तोच पैसा मागत होता. डबा त्याच्या हाती आधीच लागला असता तर पाय कशाला धरले असते? आणि एका किल्लीनं कुलूप उघडत नाही. दुसरी त्यानं कुठून आणली असती?"

बालाजीनं रुमालानं तोंड पुसलं. दैवशालानं वळून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डबा घराबाहेर गेला होता," ज्ञानेश्वरी म्हणाली. "शब्द बारीक ठोकलेले. ज्याला ते जागेवर वाचता आले नाहीत, त्यानं डबा आपल्या घरी नेला, नीट वाचून घेतले आणि डबा गुपचूप फळीवर परत ठेवायला निघाला. आणि निघताना त्याचा हात आपोआप वळला. आपल्याकडं कुणाचं भांडं परत करताना काय करतात, आसारामभाऊ?"

आसाराम चमकला. "रिकामं न्हाई देत," तो म्हणाला. "मूठभर काहीतरी घालतेत. साखर, शेंगा, काय असंल ते."

"चोरून नेलेला डबासुद्धा या माणसाला रिकामा परत करता आला नाही. तो मनानं चोर नव्हताच. डब्यात मुंग्यांबरोबर बोटभर दोराही होता, माझ्या हाताला अजून त्याचा चिकटपणा आठवतोय. मामा त्याला कापसाचा दोरा म्हणाले. साखर मुंग्यांनी नेली. दोरा राहिला."

 राजेश्रीनं तोंडाला पदर लावला होता. दोऱ्याला लगडलेली खडीसाखर कुणाच्या बरणीत असते, हे त्या आळीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

मामांच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडायला लागला. भिंग. तुळशीचं पाणी. लपवलेली घंटा. माझी किल्ली माझ्याखेरीज कुणाच्या हातात गेलेली नाही. अरे देवा, सर खरंच बोलले होते की, अक्षरन् अक्षर खरं.

"नाव मी घेणार नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ज्याचं आहे त्यानं स्वतः घ्यावं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या चाचण्या घेतल्या, त्याला एवढं जमेल."

दाराजवळची खुर्ची सरकली.

"मी," दिनकरराव म्हणाले.

त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, आज पहिल्या ओळीलाही कान देऊन ऐकावा लागला. ते सांगत गेले. पाणी घालायला गेले असता खिडकीतून तो डबा फळीवर दिसला, चौकटीवर किल्ली होतीच. त्यांना राग आला. पोरीनं एवढी चोख व्यवस्था केली आणि लोक किल्ली चहाच्या डब्याशेजारी ठेवतात. ठरवलं, धडा द्यायचा. पैसा दुसऱ्या कुलपात हलवायचा, पडद्यावर शून्य दिसलं की उभं राहायचं आणि सांगायचं, बघा, इतकं सोपं आहे, सावध व्हा.

"पण दैवशालाबाई खाली बसल्या. दगड आला. पंकजाला चोर म्हणाले. आणि मी," सर थांबले, "मी उभाच राहिलो नाही.  घरी गेलो. म्हटलं उद्या सांगू. उद्या आणखी अवघड झालं. लोक म्हणतील, मास्तरच चोर. मी माझं नाव वाचवलं आणि हिचं जाऊ दिलं. पंकजा, मी तुझा गुन्हेगार आहे."

कुणीतरी शिवी हासडली. आसारामनं हात वर करून त्याला गप्प बसवलं.

पंकजा रडत होती. एवढे दिवस आवरून धरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहत होतं. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "सर, आधी मावशीचं परत करा. इथंच. सगळ्यांसमोर."

सरांनी फोन काढला. आकडे बारीक होते, म्हणून चष्म्यावर भिंग धरून त्यांनी एक एक आकडा घातला. मग वाट बघणं आलं. दुकानातली सगळी माणसं पडद्याकडं डोळे लावून बसली, चहा आला तोही कुणी घेतला नाही, एक मामा सोडून. आणि मोरापुढचं शून्य गेलं. होतं तेवढं सगळं परत आलं, हलवायला लागलेला चिल्लर खर्च सोडून. तो सरांनी तिथंच आपल्या खिशातून दैवशालापुढं धरला.

दैवशालानं तो घेतला नाही. ती सरांपुढं जाऊन उभी राहिली.

"सर, तुमी चुकलात," ती म्हणाली. "पण मीबी चुकले. पोरगी घसा फोडून सांगायलीती, डबा पेटीत ठेव. माझ्या सृष्टीचं वरीस वाया जाणार म्हणून मी तीन रात्री रडले. तेवढं मातर मी इसरणार न्हाई."

सरांनी हात जोडले. ती वळून पंकजाजवळ गेली आणि तिचं डोकं छातीशी धरलं. चोर म्हणणाऱ्यांत ती कधीच नव्हती, हे तेव्हा पुष्कळांच्या लक्षात आलं.

पंकजा मग सगळ्यांशी बोलली. चूक आपलीही आहे, असं ती म्हणाली. सगळ्यांची तिसरी किल्ली एकाच माणसाच्या नावावर टांगली, कारण ते नाव मोठं होतं. नाव कितीही मोठं असलं तरी माणूस एकटाच असतो. आता ज्यानं त्यानं आपला तिसरा माणूस स्वतः निवडावा, बहीण, मेहुणा, मैत्रीण, कुणीही. सगळी कुलपं बदलायची, शब्द नवे ठोकायचे. ज्याला न्यायचंय त्यानं आत्ता न्यावं, ती आनंदानं काढून देईल.

सगळ्यांच्या नजरा आसारामकडं गेल्या. त्यानं मांडीवरच्या डब्याकडं बघितलं.

"ह्यो डबा बदलून द्या," तो म्हणाला. "जरा मोठा द्या. आन् ठसे कुठायत? माझी तिसरी किल्ली माझ्या सासूकडं. तिच्याकडनं काही काढून घेणं यमालाबी जमायचं न्हाई."

हशा पिकला. पुष्कळ दिवसांनी त्या दुकानात कुणी हसलं होतं. बालाजी उठून ठोकणाऱ्यांसाठी आडपडदा लावायला धावला आणि हातोडीचे ठोके सुरू झाले.

अंधार पडायच्या आत पंकजा सरांच्या घरी गेली, जुनी तिसरी किल्ली परत घ्यायला. ज्ञानेश्वरी आणि मामा सोबत होते. सरांनी कपाट उघडून तांब्या काढला. इतके महिने सगळ्या सेलूचा विश्वास त्याच्या बुडाशी होता. त्यांनी तो पुसला आणि पंकजापुढं धरला.

मग सवयीनं त्यांचा हात टेबलाकडं गेला. बरणीच्या झाकणावर टेकला आणि तिथंच थांबला. त्यांनी हात मागं घेतला.

राजेश्री दारात उभी होती. तिनं मान फिरवली.

पंकजानं तांब्या घेतला नाही.

"घाला की, सर," ती म्हणाली. "रिकामं भांडं कसं नेऊ?"

सरांनी बरणी उघडली. खडीसाखरेचा तुकडा मोडताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडत होतं. त्यांनी तुकडा तांब्यात टाकला. मग आणखी एक टाकला. राजेश्रीनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच मामांना विचारलं, साखर किती घालू. मामा म्हणाले, सकाळची बाकी धरून घाल.